घासाघीस कुणाशी, दान कुणाला

दिवाळीच्या आधी पुण्यात हातमागाची प्रदर्शनं लागली की माझ्या व्हॉट्सअॅपवर दोन तऱ्हेचे निरोप यायला लागतात. एक : ‘विणकर थेट गावाहून आलेत, भाव करा, निम्म्याला देतात.’ दुसरा : ‘आश्रमशाळेसाठी जुने कपडे गोळा करतोय, कपाटं रिकामी करा.’ पुष्कळदा दोन्ही निरोप पाठवणारं माणूस एकच असतं.

त्या माणसाला वाईट म्हणायचं नाही. उलट आमच्या सोसायटीत धावपळ करणारी जी चार-दोन मंडळी आहेत, त्यांतलंच ते एक. पण कापड करणाऱ्याचे तीनशे रुपये कापायचे आणि ज्याला कापड लागतं की नाही ते माहीत नाही त्याच्या दारात गाठोडं टाकायचं, हा हिशेब मला काही केल्या जुळवता येत नाही. माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे हिशेब जुळला नाही की झोप लागत नाही.

मी मूळची वर्ध्याची. तिकडे घरटी कुणीतरी खादीच्या संस्थेत असायचंच. माझी मोठी मावशी डोळे साथ देत होते तोवर कातत होती. गांधीबाबांच्या फोटोत दिसतो तो पेटीचरखा नव्हे. आठ चात्यांचा, उभा, हाताने चाक फिरवायचा चरखा. लहानपणी मी तिच्याशेजारी बसून पाहत असे. उजवा हात चाकावर, नजर आठही धाग्यांवरून सरकत असलेली, आणि एखादा धागा तुटला की डावा हात बरोबर त्याच चातीवर. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक पीळ, की जोडलं. चाक शक्यतो थांबवायचं नाही, कारण एका धाग्यासाठी थांबलात तर बाकीचे सातही थांबतात, आणि मजुरी तासावर नसते, गुंडीवर असते.

एक गुंडी म्हणजे हजार मीटर सूत. तेहतीस नंबरचं सूत असेल तर किलोला तेहतीस गुंड्या भरतात. आता एक पुरुषी कुर्ता घ्या. तीन मीटर कापड, वजन साधारण साडेतीनशे ग्रॅम. म्हणजे अकरा-बारा गुंड्या. बारा किलोमीटर लांबीचं सूत आपण अंगात घालून मिरवतो. खादी आयोगाने ठरवलेला दर मार्च २०२३ पर्यंत गुंडीला साडेसात रुपये होता. एप्रिल २०२३ पासून तो दहा झाला, ऑक्टोबर २०२४ पासून साडेबारा आणि एप्रिल २०२५ पासून पंधरा. दोन वर्षांत दुप्पट, हे चांगलंच झालं. पण दुप्पट होऊनही तुमच्या कुर्त्यातल्या सगळ्या सुताची कताई एकशेऐंशी रुपयांच्या आत बसते. कसलेला हात दिवसाला वीस-पंचवीस गुंड्या काढतो. तीनशे ते पावणेचारशे रुपये. तेही सूत नंबरात उतरलं तर.

मावशीला मी एकदा प्रदर्शनातल्या घासाघिशीच्या गोष्टी सांगत होते. ती म्हणाली, “कमी करा, कमी करा म्हनतेत न, तवा त्यायले पुसावं वाटते, कोनाचं कमी करू म्हनून.” मग उठून चहा टाकायला गेली.

या प्रश्नाला वर्ध्यात जुना इतिहास आहे, आणि तो खादीची दुकानं चालवणाऱ्यांनाही फारसा आठवत नाही. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत होते. तोवर खादी स्वस्त कशी होईल, मिलच्या कापडापुढे कशी टिकेल, यावर सगळा भर होता. आणि स्वस्त करायची तर पहिली कात्री कातणारणीच्या मजुरीला लागायची. गांधीजींनी ते धोरण उलटं केलं. आठ तास नीट कातलं तर बाईला पोटापुरतं मिळालंच पाहिजे, आणि त्यामुळे खादी महागली तर गिऱ्हाइकाने ती महाग घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मनात तासाला एक आणा, म्हणजे दिवसाला आठ आणे होते. खप बसेल म्हणून कार्यकर्ते धास्तावले, आणि शेवटी दिवसाला तीन आण्यांवर तडजोड झाली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाने वर्ध्याच्या बैठकीत निर्वाहवेतनाचा ठराव केला. त्याच सुमारास विनोबा नालवाडीत रोज तासन्‌तास कातून, त्या मजुरीत आपलं जेवण बसतं का ते स्वतःवर करून पाहत होते. बसत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

‘फेअर ट्रेड’ हा शब्द आपण अलीकडे परदेशी पिशव्यांवर वाचायला लागलो. पण करणाऱ्याचा खर्च आणि पोट आधी धरायचं आणि किंमत नंतर ठरवायची, हे त्यातलं मूळ सूत्र सेवाग्रामच्या रस्त्यावर सापडतं. आजही २ ऑक्टोबरची सूट लागेपर्यंत खादी भांडारात पाऊल न टाकणारे लोक मला माहीत आहेत. बापूंच्या वाढदिवसाला बापूंच्या ठरावाच्या बरोबर उलटं.

आता थोडं मागे, शेताकडे. माझा दादा हिंगणघाटकडे कापूस करतो. आमच्याकडे त्याला पऱ्हाटीच म्हणतात. त्याला एकदा मी फोनवर हिशेब विचारला : एका टीशर्टाला कापूस किती? अंगावरच्या कापडाचं वजन दोनशे ग्रॅम धरा. कताई-विणाईतली तूट धरून अडीचशे ग्रॅम रुई. कापसातून रुई निघते तिसऱ्या हिश्शाच्या थोडी वर, बाकी सरकी. म्हणजे सातशे ग्रॅमच्या आसपास कापूस. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. एका टीशर्टात दादाचे चोपन्न रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. सरकारी खरेदीला ओलावा आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यावर गेला की गाडी परत. दिवाळीच्या तोंडाशी पाऊस झाला तर बारा टक्क्यांच्या आत येणं सोपं नसतं, आणि घरी देणेकरी बसलेला असतो. मग जिनिंगवाला जो भाव देईल तो. त्या चोपन्नातून बियाणं, खत, फवारणी आणि किलोमागे दहा-बारा रुपये वेचणी. वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या असतात. त्यांच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी पडलेल्या चिरा कुणाच्याही पिशवीवर छापलेल्या मी पाहिल्या नाहीत.

फेअरट्रेडच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत शेतकऱ्यांच्या गटाला कापसाच्या भावावर किलोला पाच युरो-सेंट जादा मिळतात. आपल्या टीशर्टाच्या हिशेबात ते बसतात साडेतीन रुपये. मी हे सांगितलं तेव्हा दादा हसला. “साडेतीन रुपयांत काय होते?” एकट्याचं काहीच होत नाही, हे खरंच. पण हा पैसा एकेकट्याच्या खिशात जात नाही; गटाच्या खात्यात जमा होतो आणि त्याचं काय करायचं ते सभासद सभेत ठरवतात. हजार क्विंटल कापसाला जवळपास पाच लाख रुपये. गावात स्वतःचा वजनकाटा येतो, गोदाम होतं, शाळेची खोली होते. काटा आपला असणं म्हणजे काय, हे ज्याचा कापूस दुसऱ्याच्या काट्यावर तोलला गेलाय त्यालाच विचारावं. दादा त्यावर मात्र गप्प झाला. मग म्हणाला, “आमच्याकडं असा गट हाय का कोठी?” विदर्भात कापूस शेतकऱ्यांचे गट बांधणाऱ्या चेतना ऑरगॅनिकसारख्या संस्थेचं काम बरीच वर्षं चालू आहे, तिकडे चौकशी कर म्हटलं. पुढचं तो जाणे. अर्थात अशा गटांचाही सगळा माल त्या भावाने जात नाही. तेवढी गिऱ्हाइकं नसतात, म्हणून उरलेला नेहमीच्या बाजारात जातो.

शिक्के आणि प्रमाणपत्रं यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक ठरवणाऱ्या गॉट्सनेच जाहीर केलं, की भारतातल्या वीस हजार टन कापसाची कागदपत्रं बनावट निघाली. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं मेली. तिच्यातल्या काही कपड्यांच्या कारखान्यांची, कामगारांना नीट वागवतात का हे पाहणारी ‘सामाजिक तपासणी’ आधी होऊन गेलेली होती. कागद असलेला बरा, पण कागद म्हणजे काम नव्हे. शिवाय चार मागांच्या विणकराला ती फी परवडतही नाही.

त्यापेक्षा प्रदर्शनात उभं राहून चार प्रश्न विचारावेत. गाव कुठलं, माग कुणाचा, हे कापड उतरायला किती दिवस लागले, धागा कुठून आणता. खरा विणकर असेल तर तो या प्रश्नांवर खुलतो, आणि मग तुम्हालाच जेवायला घरी जायला उशीर होतो. व्यापारी असेल तर तो तुम्हाला दुसरा रंग दाखवायला लागतो. तसे व्यापारी या प्रदर्शनांत भरपूर असतात, सुरतेचा माल ‘हँडलूम’ म्हणून खपवतात, आणि त्यांच्याशी खुशाल भाव करा, तिथे माझी काही हरकत नाही. हातमागाच्या कापडाच्या दोन्ही कडांना बहुधा बारीक भोकांची रांग दिसते. पन्हा ताणून धरायला लावलेल्या काडीच्या टोकांची ती खूण. पैठणीचा पदर उलटून पाहा. हाताने विणलेल्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, लोंबते धागे नसतात. एवढं पाहिलं आणि माल खरा निघाला, की मग सांगितलेला भाव द्यावा. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं उत्पन्न महिना पाच हजारांच्या खाली निघालं होतं. त्यांच्याकडून तीनशे रुपये सोडवून आणल्याचा आनंद मला समजत नाही. परवडत नसेल तर दोनऐवजी एक साडी घ्यावी. मी तेच करते.

आणि आता गाठोडं.

सोसायटीत जुने कपडे गोळा करायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हे अधिकाराने सांगते. क्लब हाऊसच्या टेबलावर काय काय येतं? हूक नसलेले ब्लाउज. नाडी ओढून घेतलेले परकर (नाडी तेवढी ठेवून घेतात, कामाला येते म्हणून!). एकेकटे मोजे. काखेत विरलेले शर्ट. लग्नात आलेली, कुणालाच नको असलेली, त्याच घडीतली चमकी साडी, जी बहुधा तिसऱ्या घरातून फिरत आलेली असते. एकदा एक सूट आला, थ्री पीस, त्याच्या खिशात लग्नाच्या अक्षता. हा सूट घालून आश्रमशाळेतलं पोर कुठे जाणार, ते देणाऱ्यालाच ठाऊक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली पाण्यात होती तेव्हा माझी नणंद तिथे होती. पाणी ओसरल्यावर मदतीचे ट्रक आले, आणि पाठोपाठ जुन्या कपड्यांचे ढीग. आधीच सगळं गाव चिखलात, त्यात भिजलेल्या कपड्यांचा आणखी चिखल. नणंद फोनवर सांगायची, “वहिनी, इथं झाडू पाठवा, फिनेल पाठवा, नवी अंतर्वस्त्रं, पॅड, कोरड्या चादरी पाठवा. साड्या नकोत.” घर बुडालं म्हणून माणूस परक्याचा उतरलेला ब्लाउज घालायला तयार होत नाही. घालायला लागलाच तर तो ते विसरतही नाही.

हे काम नीट कसं करावं, ते ‘गूंज’ या संस्थेने दाखवून दिलंय. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ते सुरू केलं. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीतला मला पटलेला भाग असा, की गावाला कपडे फुकट वाटले जात नाहीत. गाव आपलं काम आपण ठरवतं : विहीर खोदायची, बांध घालायचा, रस्ता करायचा. लोक श्रमदान करतात आणि कपड्यांचा, भांड्याकुंड्यांचा संच त्या कामाचा मोबदला म्हणून घेतात. कपडे आधी निवडले जातात, दुरुस्त होतात, कुठे काय चालेल ते पाहून जातात. जे घालण्याजोगं नसतं त्या सुती कापडाची पॅड होतात. घेणारा हात पसरत नाही, कमावतो.

खरं तर हे आपल्याकडच्या बोहारणीला कधीपासून ठाऊक आहे. स्टीलचं पातेलं देऊन जुन्या साड्या नेणारी बाई प्रत्येक कापड उजेडात धरते, काठ ओढून पाहते, झिजलेलं बाजूला टाकते आणि म्हणते, “ताई, ह्याच्यात पातेलं नाय येत, झाकण येईल.” आपण तिच्याशी वाद घालतो. पण कपड्याची खरी किंमत त्या दारात फक्त तिला कळलेली असते. तिने नेलेलं कापड दुरुस्त होतं, धुतलं जातं, जुन्या बाजारात विकलं जातं आणि कुणीतरी ते पैसे मोजून, आरशात पाहून, निवडून घेतं. त्या घेणाऱ्याचा मान दानात मिळालेल्या गाठोड्यापेक्षा जास्त राखला जातो, असं माझं मत आहे. सोसायटीतल्या काही जणांना ते पटत नाही. बोहारणीला दिलं तर ‘पुण्य’ लागत नाही म्हणतात.

लोकरी कपड्यांची तर आणखी गंमत. पानिपतला जगभरातल्या उतरलेल्या स्वेटरांचे डोंगर येतात; बाया बसून बटणं, चेन कापतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्रात ते फाडून पुन्हा धागा होतो आणि त्या धाग्याच्या कांबळी. भूकंप-पुरात वाटल्या जाणाऱ्या स्वस्त कांबळींतला मोठा भाग तिथूनच जातो. युरोपातल्या कुणीतरी दान केलेला स्वेटर असा फिरत फिरत आपल्या मदतछावणीत पोचतो, मध्ये दहा जणांची मजुरी काढून. फाडणीच्या खोलीत उडणारी धूळ कुणाच्या छातीत जाते, हा हिशेबही त्यात धरायला हवा.

तर यंदा सोसायटीत मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली लगेच मंजूर झाली. दर दिवाळीला सभासदांना द्यायची भेट, ती बाजारातली प्लॅस्टिकच्या डब्यातली सुकामेव्याची नको, वर्ध्याकडच्या बायकांच्या एका गटाकडून हातमागाचे पंचे घ्यायचे. अट माझी : निम्मी रक्कम ऑर्डरबरोबर आगाऊ. फेअर ट्रेडच्या जागतिक संघटनेच्या दहा तत्त्वांतही हे आहे, की करणाऱ्याने मागितलं तर निम्मे पैसे बिनव्याजी आधी द्यायचे. नाहीतर सुतासाठी तो सावकाराकडे जातो आणि आपण दिलेला चांगला भाव सावकार खातो. खजिनदारांनी डोळे वटारले, पण दिले. पंचे आले तेव्हा तक्रार अशी, की प्रत्येकाचा लाल वेगळा. मंजिष्ठाचा रंग आहे, दर घाण्याला थोडा बदलणारच, असं लिहून मी सूचनाफलकावर लावलं. तरी दोघांनी बदलून मागितले.

दुसरी गोष्ट अवघड गेली. सफाईच्या बायकांना आणि वॉचमनना दरवर्षी साड्या आणि शर्टपीस द्यायची आमची रीत. मी म्हटलं, या वेळी विचारू तरी या, काय हवंय. सभेत शांतता. विचारायचं म्हणजे मागणी वाढायची, ही भीती. तरी मी जिन्याखाली त्यांच्या डब्याच्या वेळेला जाऊन बसले. पहिल्यांदा सगळ्या ‘तुम्ही द्याल ते’ म्हणाल्या. मग त्यांतली वयाने मोठी होती ती बोलली, “साड्या पुष्कळ झाल्या मॅडम. ट्रंकेत पडल्यात. पगार तेवढा धा तारखेच्या आत होऊ द्या. मागल्या म्हैन्यात बावीसला झाला.”

पगार आम्ही देत नाही, ठेकेदार देतो. आम्ही ठेकेदाराला पैसे वेळेवर देतो की नाही, ते मी तपासलं. देत होतो, पंधरा-वीस तारखेला. मग साड्यांचे पैसे यंदा रोख बोनस म्हणून थेट वाटायचे, ठेकेदाराचं बिल एक तारखेला चुकतं करायचं, आणि पाच तारखेपर्यंत पगाराच्या पावत्या दाखवल्याशिवाय पुढचं बिल पास करायचं नाही, असा ठराव लिहून आणला. सात विरुद्ध चार मतांनी तो मंजूर झाला. ठेकेदार म्हणतो, असं कुठल्याच सोसायटीत होत नाही. पुढच्या रविवारी त्याला बोलावलंय.